शिडाच्या होडीसाठी वारा दाखवणारं साधन: कमी खर्चात काय घ्यावं, आणि का

शिडाच्या होडीत नव्याने बसणाऱ्याला एक कोडं हमखास पडतं. होडी धक्क्याला बांधलेली असते तेव्हा किनाऱ्यावरचा झेंडा आणि आपल्या डोलकाठीवरचा झेंडा एकाच दिशेला फडकतात. दोर सुटला, होडीने वेग घेतला, की आपला झेंडा हळूहळू वेगळंच काही सांगू लागतो. किनाऱ्यावरचा म्हणतो वारा बरोबर बाजूने येतोय, आपला म्हणतो पुढून येतोय. अशा वेळी अनेकांना वाटतं की आपलं साधन स्वस्तातलं, म्हणून चुकतंय, आणि मग आकडे दाखवणारा, बॅटरीवर चालणारा, डोलकाठीच्या टोकावर बसवायचा महागडा संच शोधायला सुरुवात होते.

दोन्ही झेंडे बरोबर असतात. ते दोन वेगवेगळ्या वाऱ्यांबद्दल बोलत असतात, आणि आपल्याला कोणता वारा मोजायचा आहे हे एकदा कळलं की कोणत्या साधनावर पैसे घालायचे हा प्रश्न निम्मा सुटतो.

खरा वारा आणि जाणवणारा वारा

सायकल चालवताना हवा अगदी पडलेली असली तरी चेहऱ्यावर वारा लागतो. तो आपल्या वेगाने तयार केलेला वारा. आता बाजूनेही वारा वाहत असेल, तर चेहऱ्याला दोन्ही वेगवेगळे जाणवत नाहीत. दोहोंची बेरीज होऊन तिरका, पुढच्या बाजूने येणारा एकच वारा लागतो. होडीवर अगदी हेच घडतं. जमिनीवर उभं राहून जो अनुभवतो तो खरा वारा. चालत्या होडीवर जो लागतो तो जाणवणारा वारा.

एक हिशेब करून पाहू. समुद्रावर वेग नॉटमध्ये सांगतात. 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. समजा खरा वारा 10 नॉटचा आहे, बरोबर काटकोनात बाजूने येतोय आणि होडी 5 नॉटने चालली आहे. होडीवर जाणवणारा वारा सुमारे 11 नॉटचा होतो आणि तो 90 अंशांतून नाही, तर होडीच्या पुढच्या टोकापासून साधारण 63 अंशांतून येतो. होडी पुढे जात असताना जाणवणारा वारा नेहमी खऱ्या वाऱ्यापेक्षा पुढच्या बाजूला सरकलेला असतो. वारा बरोबर समोरून किंवा बरोबर पाठीमागून असेल तेव्हाच दिशा तीच राहते, वेग मात्र तेव्हाही बदलतो.

शिडाला फक्त जाणवणारा वारा ठाऊक असतो. खरा वारा किती, कुठून, याची त्याला काही खबर नसते. त्यामुळे शीड जुळवायला उपयोगी पडणारं साधन जाणवणारा वारा दाखवणारंच हवं, आणि सगळ्यांत स्वस्त साधनं नेमकी तेच दाखवतात.

दिशा आधी, वेग नंतर

वाऱ्याबद्दल दोन गोष्टी कळू शकतात: तो कुठून येतोय आणि किती जोरात येतोय. बाजारातल्या जाहिराती दुसऱ्या गोष्टीवर भर देतात, कारण पडद्यावर चमकणारा आकडा डोळ्यात भरतो. होडी चालवणाऱ्याला मात्र दर मिनिटाला लागते ती दिशा. शिडाचा दोर किती आवळायचा, सुकाणू किती वळवायचं, वाऱ्याच्या तोंडावर किती चढता येईल, म्हणजे होडीचं पुढचं टोक वाऱ्याच्या दिशेच्या किती जवळ ठेवता येईल, हे सगळं काही अंशांच्या फरकावर ठरतं. वेगाचा आकडा दिवसातून मोजक्या वेळी कामाला येतो: निघायचं की नाही आणि शीड आखडतं घ्यायचं, म्हणजे उघडं कापड कमी करायचं, की नाही, एवढ्यापुरता.

नुसत्या चेहऱ्याला वारा कळत नाही का? कळतो, आणि ती सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. डोकं हळूहळू वळवत राहिलं की एका जागी दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा होतो. तोंड तेव्हा वाऱ्याकडे असतं. पण चेहरा असतो होडीच्या तळाजवळ, अनेकदा शिडाच्या आडोशाला. वर शिडाच्या मध्यावर काय चाललंय ते त्याला सांगता येत नाही. तिथे धागा लागतो.

लोकरीचा धागा

टेलटेल म्हणजे शिडाच्या कापडावर लावलेला वीतभर लांबीचा हलका धागा किंवा पट्टी. त्याची किंमत जवळपास शून्य आहे आणि तरी शर्यतीतल्या महागड्या होड्यांच्या शिडांवरही तो असतोच. या साधनाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण त्याची किंमत पाहून लोक त्याला हलक्यात घेतात आणि मोठं नुकसान करून घेतात.

शीड होडीला ढकलतं कमी आणि ओढतं जास्त, निदान वारा पुढून किंवा बाजूने असताना. हवा शिडाच्या दोन्ही अंगांना चिकटून, न तुटता वाहत राहिली तरच ही ओढ मिळते. शीड फार सैल असेल तर त्याची पुढची कड फडफडते. ही चूक डोळ्यांना दिसते. शीड फार आवळलं तर? ते छान फुगलेलं, गुळगुळीत, चित्रासारखं दिसतं, आणि त्याच वेळी त्याच्या पलीकडच्या अंगावरची हवा सुटून भोवरे झालेले असतात. होडी मंदावते, कलते, आणि कारण कळत नाही. ही दुसरी चूक उघड्या डोळ्यांना दिसत नाही. धाग्याला दिसते.

पुढच्या शिडावर, म्हणजे जिबवर, पुढच्या कडेपासून साधारण वीतभर आत, तीन उंचींवर, दोन्ही अंगांना एकेक धागा लावतात. दोन्ही धागे मागच्या दिशेला सरळ वाहत असले की सगळं ठीक. वाऱ्याकडच्या बाजूचा धागा नाचू लागला तर शीड सैल आहे किंवा होडी वाऱ्याच्या तोंडावर जास्त चढली आहे. पलीकडच्या बाजूचा नाचू लागला तर शीड जास्त आवळलंय किंवा होडी वाऱ्यापासून जास्त दूर वळली आहे. लक्षात ठेवायला एक सोपा नियम पुरतो: जो धागा नाचतोय त्याच्याकडे शीड न्या, किंवा सुकाणूचा दांडा त्याच्याकडे न्या. दोन्ही उपाय एकाच दुखण्यावरचे आहेत. मार्ग ठरलेला असेल तर शीड हलवायचं, शीड पक्कं केलेलं असेल तर सुकाणू.

मोठ्या शिडाला धागे लावायची जागा वेगळी. तिथे मागच्या कडेला, शिडाला ताठ ठेवणाऱ्या आडव्या काड्या जिथे संपतात तिथे, कापडाच्या हलक्या पट्ट्या लोंबत्या ठेवतात. सगळ्यांत वरची पट्टी बहुतेक वेळ मागे वाहत राहिली पाहिजे. ती शिडामागे दडून बसली की दोर थोडा सोडायची वेळ झाली.

लोकर भिजली की कापडाला चिकटते. पाऊस किंवा तुषार जास्त असतील तर हलक्या नायलॉनच्या कापडाची चिंचोळी पट्टी बरी. ती पाणी धरत नाही. धागा शिवणीपासून दूर लावावा, नाहीतर टाक्यांत अडकून बसतो आणि खोटंच सांगतो. दोन्ही अंगांचे धागे वेगळ्या रंगांचे आणि किंचित खालीवर ठेवले, तर उन्हात कापडातून पलीकडची सावली दिसतानाही कोणता कोणता ते कळतं.

मग एवढ्यावर भागतं का?

नाही, आणि त्याचं कारण सुरक्षेशी जोडलेलं आहे. वारा पाठीमागून आला की शिडावरून हवा वाहत नाही, ती नुसती शिडाला रेटते. धागे तेव्हा लोंबकळतात किंवा वेडेवाकडे हलतात, काहीच सांगत नाहीत. आणि नेमकं याच वेळी वाऱ्याची दिशा कळणं सगळ्यांत गरजेचं असतं.

मोठ्या शिडाच्या तळाशी असलेला आडवा दांडा म्हणजे बूम. वारा मागून असताना बूम समजा उजवीकडे पार उघडलेला असतो. वारा मागून किंवा डावीकडून मागून येतोय तोवर तो तिथे राहतो. वारा उजवीकडे फिरला, किंवा सुकाणू धरणाऱ्याचं लक्ष नसताना होडी थोडी वळली, तर वारा शिडाच्या मागच्या कडेतून शिरतो आणि बूम सगळ्या ताकदीनिशी दुसऱ्या बाजूला येऊन आदळतो. याला अवचित झालेली जाइब म्हणतात. डोक्याला गंभीर इजा, होडी उलटणं, डोलकाठीचे तारदोर तुटणं, हे सगळं यात होऊ शकतं. शिवाय पाठवाऱ्यात होडीचा वेग वाऱ्यातून वजा होत असल्याने जाणवणारा वारा कमी असतो, चेहऱ्यावर तर नाममात्र लागतो. त्यामुळे फिरलेला वारा कळायला उशीर होतो.

म्हणून धाग्यांनंतर पैसे घालायचे ते वातकुक्कुटावर, म्हणजे डोलकाठीच्या टोकावर वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या बाणावर. बाण वाऱ्याकडे तोंड करतो, शेपटी मागे राहते. वर उदाहरणात सांगितलेल्या होडीत बाण उजवीकडे झुकू लागला की लगेच सुकाणू सुधारायचं.

वातकुक्कुट निवडताना काय पाहावं

स्वीडनमध्ये बनणारा विंडेक्स या प्रकारातला सर्वांत परिचित; त्याच्याच धर्तीची इतरही अनेक साधनं मिळतात. नावापेक्षा तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तोल. होडी कलते तेव्हा डोलकाठीही कलते. बाणाची एक बाजू जड असेल तर ती बाजू उताराकडे घसरते आणि बाण वाऱ्याऐवजी स्वतःचं वजन दाखवू लागतो. दुकानातच, जिथे वारा नाही अशा जागी, साधन हातात धरून 30 अंशांपर्यंत तिरकं करा. बाण जिथे ठेवला तिथेच राहिला तर तोल चांगला. प्रत्येक वेळी एकाच बाजूला जाऊन थांबत असेल तर ते साधन फुकट मिळालं तरी घेऊ नये. मंद वाऱ्यात तर ते हमखास चुकीचं सांगेल.

दुसरी गोष्ट खुंटी. चांगल्या बनावटीत बाण टोकदार खुंटीवर, कठीण खड्याच्या बैठकीत फिरतो आणि हलकीशी फुंकरही त्याला पुरते. साध्या भोकातून ओवलेला प्लॅस्टिकचा बाण नवा असताना फिरतो, पण मीठ साचलं की अडतो. गोड्या पाण्याने धुणं हाच त्यावर उपाय. तेल घातल्यास त्यावर धूळ आणि मीठ बसतं, तेव्हा बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय घालू नये.

तिसरी गोष्ट मागचे दोन फाटे. अनेक वातकुक्कुटांना बाणाखाली दोन न हलणारे फाटे असतात. वाऱ्याच्या तोंडावर जास्तीत जास्त चढून जाताना शेपटी एका फाट्याच्या बरोबर वर यावी, अशा कोनात ते बसवतात. प्रत्येक होडीचा हा कोन थोडा वेगळा असतो, म्हणून फाटे हलवून पक्के करता येण्याजोगे हवेत. रंग, पंखांचा आकार, झुळझुळीत रूप यांना मी फारसं महत्त्व देणार नाही. फक्त डोलकाठी उंच असेल तर खालून शेपटी दिसेल एवढं साधन मोठं असावं.

टोकावर रेडिओचा अँटेना असेल तर बाण पूर्ण फिरताना त्याला कुठेही लागत नाही ना, हे वर चढवण्याआधीच पाहावं. पक्षीही या जागेवर बसायला येतात आणि बाण मोडतात. त्यासाठी वर उभी अणकुचीदार तार लावलेले नमुने मिळतात.

होडी अगदी छोटी असेल तर

एकदोघांच्या छोट्या होड्या उलटतात. तो त्या खेळाचाच भाग आहे. उथळ पाण्यात होडी पूर्ण पालथी झाली की डोलकाठीचं टोक तळाच्या चिखलात जातं आणि त्यावरचं साधन मोडतं. शिवाय सतत वर पाहून मान अवघडते आणि समोरचं लक्ष सुटतं. अशा होडीत छोटा वातकुक्कुट डोलकाठीच्या पुढच्या अंगाला, नजरेच्या टप्प्यात लावणं शहाणपणाचं. तिथे तो शिडाच्या पुढे, स्वच्छ हवेत असतो.

डोलकाठीला बाजूंनी आधार देणाऱ्या तारा असतील तर त्यांवर डोळ्यांच्या उंचीला एकेक धागा बांधला तरी बरंच काम होतं. वाचायचा मात्र फक्त वाऱ्याकडच्या तारेवरचा. पलीकडच्या तारेवरचा धागा शिडाने वळवलेल्या हवेत असतो, त्याचं म्हणणं धरू नये.

वेगाचा आकडा नकोच का?

हवा, पण कशासाठी ते आधी समजून घेऊ. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 12 नॉटचा वारा 17 नॉट झाला की शिडावरचा भार दीडपट नव्हे, जवळजवळ दुप्पट होतो. शीड आखडतं घ्यायची वेळ माणसाला वाटते त्यापेक्षा लवकर येते ती यामुळे.

पाठवाऱ्यात ही फसगत आणखी वाढते. खरा वारा 18 नॉट आहे आणि होडी त्याच दिशेला 6 नॉटने चालली आहे. होडीवर लागतो 12 नॉटचा वारा. सगळं आल्हाददायक वाटतं. आता घरी परतायला होडी वळवली आणि वाऱ्याशी 45 अंशांत 5 नॉटने चढू लागली, की लागणारा वारा सुमारे 22 नॉट होतो. खरा वारा तसूभरही वाढलेला नाही, तरी शिडावरचा भार तिपटीहून जास्त. हा हिशेब डोक्यात असणं कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचं आहे, कारण 12 हा आकडा दाखवणारं यंत्र त्या क्षणी खरंच बोलत असतं.

खरा वारा पाण्याकडे पाहूनही बराचसा कळतो. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी 1805 मध्ये मांडलेली श्रेणी आजही वापरात आहे. पांढरे फेस तुरळक दिसू लागले की 7 ते 10 नॉट. बऱ्यापैकी दिसू लागले की 11 ते 16. सगळीकडे पांढरं आणि थोडे तुषार उडू लागले की 17 ते 21. फुकटचं आणि कधीच न बिघडणारं मोजमाप आहे हे. अंधारात आणि आडोशाच्या पाण्यात मात्र ते चालत नाही.

आकडाच हवा असेल तर हातात धरायचा वायुवेगमापक घ्यावा. त्यात छोटा पंखा फिरतो आणि पडद्यावर वेग दिसतो. तो वाऱ्याकडच्या बाजूला, शिडापासून आणि स्वतःच्या अंगापासून दूर, हात उंच करून धरायचा आणि झुळकांची सरासरी घ्यायची. निघण्याआधी धक्क्यावर मोजला तर खरा वारा मिळतो, चालत्या होडीत जाणवणारा. हवामानाच्या अंदाजाशी तो आकडा तंतोतंत जुळणार नाही. अंदाजातला वारा साधारणपणे 10 मीटर उंचीवरचा असतो आणि पाण्यालगत वारा त्याहून मंद असतो.

डोलकाठीवरचा इलेक्ट्रॉनिक संच

या संचात फिरणाऱ्या वाट्या वेग मोजतात आणि बाण दिशा. वाट्यांची ही कल्पना आयर्लंडमधल्या थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांची, 1846 सालची. त्यांच्या यंत्राला चार वाट्या होत्या. आता फिरणारा एकही भाग नसलेली साधनंही आहेत. ती आवाजाच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी एका टोकाकडून दुसऱ्याकडे पाठवतात आणि वाऱ्यामुळे त्यांना लागणाऱ्या वेळेत पडणारा फरक मोजतात.

लांबच्या प्रवासाला, आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्राला जोडायला, रात्रीच्या पाळीला हे संच फार उपयोगी पडतात. यात वाद नाही. पण त्यांचा खर्च डब्यावर लिहिलेल्या किमतीपाशी थांबत नाही. डोलकाठीतून तार ओवायची, डोलकाठीच्या पायथ्याशी जोड द्यायचा, आणि पुढे काही बिघडलं की कुणीतरी वर चढायचं किंवा डोलकाठी उतरवायची. पायथ्याचा तो जोड खाऱ्या पाण्यात सापडतो आणि गंजतो. बिनतारी संचात हा त्रास टळतो, पण वरची बॅटरी काही वर्षांनी थकतेच, आणि ती बदलायलाही वरच जावं लागतं. जुना, वापरलेला संच स्वस्तात मिळत असेल तर वरच्या भागाचे सुटे भाग अजून मिळतात का, हे आधी विचारावं.

खऱ्या वाऱ्याचा आकडा हवा असेल तर या संचाला होडीचा पाण्यातला वेगही कळावा लागतो, म्हणजे तळाशी आणखी एक मापक आला. उपग्रहावरून मिळणारा वेग जमिनीच्या सापेक्ष असतो. पाण्याला ओढ असेल तर हिशेबात ती मिसळते आणि आकडा तेवढा चुकतो.

आणि याशिवाय दूरचा प्रवास होतच नाही, असं कुणी म्हणत असेल तर गोल्डन ग्लोब शर्यत पाहावी. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, आणि नियमानुसार इलेक्ट्रॉनिक वातमापकाला बंदी. 2022 मध्ये सुटलेल्या या शर्यतीत भारतीय नौदलाचे माजी अधिकारी अभिलाष टॉमी दुसरे आले.

रात्री काय करायचं?

हा आक्षेप रास्त आहे. अंधारात धागे दिसत नाहीत. काही वातकुक्कुटांना खालून प्रकाश परतवणारी पट्टी असते. डोलकाठीच्या टोकावर दिवा असेल तर त्याच्या उजेडात ती चमकते, नसेल तर हातातली विजेरी वर मारावी लागते. पुढच्या शिडावरच्या सगळ्यांत खालच्या धाग्यांवर विजेरीचा झोत क्षणभर टाकून पाहणं जमतं, फक्त लाल उजेड वापरावा, म्हणजे डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. वारंवार रात्री प्रवास करणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक संचाचा विचार करावा. माझ्या मते त्यासाठी हे एक कारण पुरेसं आहे.

बसवल्यावर तपासणी

साधन कोणतंही असो, ते होडीच्या मधल्या रेषेशी सरळ बसलंय का हे पाण्यावर तपासावं लागतं. धक्क्यावर डोळ्यांनी लावलेला अंदाज पुरत नाही. स्थिर वाऱ्याचा दिवस निवडा. वाऱ्याच्या तोंडावर जास्तीत जास्त चढत, धागे सरळ ठेवत, आधी एका टॅकवर आणि मग दुसऱ्या टॅकवर, म्हणजे आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने वारा घेत, होडी न्या आणि दोन्ही वेळी जाणवणाऱ्या वाऱ्याचा कोन टिपा. एका बाजूला 28 अंश आणि दुसऱ्या बाजूला 34 आला, तर फरक 6, त्याचा निम्मा 3. साधन 3 अंशांनी एका बाजूला फिरलेलं आहे. वातकुक्कुटात हेच शेपटी एका फाट्यावर येणं आणि दुसऱ्याच्या अलीकडेच थांबणं, अशा रूपात दिसतं. इलेक्ट्रॉनिक संचात ही दुरुस्ती पडद्यावरून करता येते. वातकुक्कुटाची बैठक हाताने फिरवावी लागते, म्हणून पहिली तपासणी होईपर्यंत तिचा नट अगदी पक्का आवळू नका.